केंद्राचे टोक

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर 'मध्य रेल्वे' अशी पाटी आहे. बाहेर पडून शहरात आले की जिल्ह्याची सहकारी बँक 'मध्यवर्ती' असते, एस.टी. स्टँडही कागदोपत्री 'मध्यवर्ती बसस्थानक' असतो, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे सरकार 'केंद्र' असते, आणि नवी पेठेत साडीवरचा ब्लाउजपीस जिथे जुळवून मिळतो ते दुकान 'मॅचिंग सेंटर' असते. इंग्रजीत या सगळ्यांचे काम एका 'सेंटर'वर आणि त्याच्या 'सेंट्रल' या विशेषणावर भागते. आपण त्याला मध्य, मध्यवर्ती, केंद्र आणि खुद्द सेंटर असे निदान चार पोशाख शिवले, आणि कोणता कुठे घालायचा याचा नियम कोणीही लिहून ठेवलेला नसताना तो सगळ्यांना पाठ आहे. 'केंद्र रेल्वे' किंवा 'मध्य सरकार' म्हणणारा माणूस परगावचा नव्हे, परभाषेचा ठरेल.

त्यातल्या सेंटरची तऱ्हा न्यारी आहे. सोलापूरच्या कोणत्याही रस्त्यावर दहा मिनिटे चालल्यावर झेरॉक्स सेंटर, भजी सेंटर, साडी सेंटर, मोबाईल सेंटर अशी इतकी सेंटरे भेटतात की ती नेमकी कशाच्या मध्यभागी आहेत हा प्रश्न विचारणेच असभ्य वाटू लागते. मालकाला दुकान म्हणावे तर जागा अपुरी आणि टपरी म्हणावे तर मान अपुरा, अशा वेळी सेंटर हा शब्द फार उपयोगी पडतो. परीक्षेच्या दिवसांत तर तो क्रियापदेही स्वतःची घेऊन येतो: सेंटर 'येते', सेंटर 'बदलते', सेंटर 'लांब पडते'. "कुठं आलंय रे सेंटर?" या प्रश्नाला बार्शीचा मुलगा सोलापूर आणि सोलापूरचा मुलगा पंढरपूर असे उत्तर देतो, आणि दोघांच्याही बापांना पहाटेची गाडी पकडावी लागते. ज्याच्यासाठी सगळ्यांना दूर जावे लागते त्याला सेंटर म्हणावे, हे शब्दाच्या मूळ स्वभावाला धरून आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या जन्मगावापर्यंत जावे लागते.

ते गाव ग्रीक आहे. ग्रीक भाषेत 'केन्तेइन' म्हणजे टोचणे, आणि ज्याने टोचायचे ते 'केन्त्रॉन'. गांधीलमाशीची नांगी हे केन्त्रॉन, आणि बैलाला हाकायची पराणी हेही केन्त्रॉन. वर्तुळ, शहर, सत्ता, बाजार यांपैकी काहीही त्या शब्दात आरंभी नव्हते. एक अणकुचीदार टोक होते, आणि ते कोणाच्या तरी अंगात रुतत होते.

पराणी काय असते हे नव्या पिढीला सांगावे लागेल, पण सोलापुरात ती दाखवता येते. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा जनावरांच्या बाजाराला लागून वेसणी, कासरे, म्होरक्या आणि घुंगुरमाळा विकणारे बसतात, त्यांच्याकडे ती मिळते. हातभराहून बरीच लांब, सरळ, गाठी तासून गुळगुळीत केलेली काठी, तिच्या एका टोकाला बसवलेला लोखंडी खिळा. त्या खिळ्याला 'आर' म्हणतात. घेणारा शेतकरी काठीच्या लवचिकपणाकडे फारसे लक्ष देत नाही. तो आरेवर अंगठ्याचे पोट ठेवून हलकेच दाबतो, कारण ती फार बोथट असेल तर बैल दाद देत नाही आणि फार तीक्ष्ण असेल तर रक्त काढते. अंगठ्यावर उमटून क्षणात नाहीसा होणारा तो पांढुरका ठिपका म्हणजे ग्रीकांच्या केन्त्रॉनचा अर्थ आहे. युक्लिडच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास, हा शब्द भूमितीत स्थिरावलेला दिसतो आणि वर्तुळाच्या मध्यबिंदूला केन्त्रॉन म्हटले जाते. मधली पायरी सरळ आहे. वर्तुळ काढायचे तर कंपासचा एक पाय रोवावा लागतो. तो जिथे टोचतो ते वर्तुळाचे केन्त्रॉन. शाळेच्या वहीचे पान उजेडाकडे धरले की प्रत्येक वर्तुळाच्या पोटात जे बारीक भोक दिसते, आणि जे मागच्या दोन पानांनाही गेलेले असते, तेच हे. टोचणाऱ्या वस्तूचे नाव टोचलेल्या जागेला मिळाले. पुढे त्या जागेभोवती जे जे फिरते त्या सगळ्याचा मान तिच्याकडे गेला आणि टोक विसरले गेले.

ग्रीकातून लॅटिनमध्ये तो 'केन्त्रुम' झाला, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला तेव्हा आरंभीचा 'क' झिजून 'स' झाला, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दाखल झाला. त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात आजही जो फरक आहे तो बराच अलीकडचा. 'ईआर' हे आज अमेरिकन समजले जाणारे लेखन इंग्लंडमध्येच रुळलेले होते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशाने तिथे 'आरई'चे पारडे जड केले, तर अमेरिकेत कोशकार वेबस्टरने 'ईआर'ची बाजू लावून धरली. देवनागरीत हा वादच उद्भवत नाही. आपले रंगारी 'सेंटर' असे लिहून मोकळे होतात, फार तर 'सेन्टर' लिहितात.

आता दुसरी वाट. 'सेंटर'ला आपण परका आणि 'केंद्र'ला घरचा समजतो, आणि दुकानांच्या पाट्या मराठीत कराव्यात असा आग्रह धरणारी मंडळी पहिला खोडून दुसरा लिहायला सांगतात. मराठी पाट्यांचा आग्रह मलाही मान्य आहे. पण या विशिष्ट बाबतीत तो आग्रह एका यवनाला, म्हणजे ग्रीकाला, हाकलून त्याच्याच थोरल्या भावाला घरात घेण्यासारखा आहे, कारण संस्कृतातले 'केंद्र' हेही त्याच 'केन्त्रॉन'चे रूप आहे. ते आपल्याकडे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक फलज्योतिषाबरोबर आले आणि एकटे आले नाही. कुंडलीतली 'होरा', 'पणफर', 'आपोक्लिम', 'जामित्र' हे शब्दही त्याच तांड्यातले. यांतले 'आपोक्लिम' कोणत्याही संस्कृत धातूपासून निघत नाही हे ऐकताक्षणीच कळते. 'केंद्र'ला मात्र 'इंद्र', 'चंद्र' यांच्या पंक्तीत बसायची सोय असल्यामुळे त्याच्यावर कधी कोणाचा संशय गेला नाही.

उगमाशी इमान कोणी जास्त राखले, असे विचारले तर 'केंद्र'ने. इंग्रजीत हरवलेला 'क' त्याच्याजवळ शाबूत आहे. आजच्या ग्रीक भाषेत शहराच्या मध्यवस्तीला 'केन्द्रो' म्हणतात. अथेन्सच्या बसमध्ये हा शब्द ऐकू आला तर सोलापूरच्या माणसाला तिकीट कुठले काढायचे ते समजेल, लंडनच्या माणसाला थोडा विचार करावा लागेल.

पण अर्थाच्या बाबतीत 'केंद्र'नेही वाट वाकडी केली होती. संस्कृत ज्योतिषात केंद्र म्हणजे वर्तुळाचा मध्य नव्हे. कुंडलीतले पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही चार स्थाने म्हणजे केंद्रे. लग्न जुळवताना पत्रिका पाहणारे जोशीबुवा "गुरू केंद्रात आहे" असे समाधानाने सांगतात तेव्हा तो गुरू मध्यभागी बसलेला नसतो, या चार खुंट्यांपैकी एकीवर असतो. ग्रहगणितात 'मंदकेंद्र' आणि 'शीघ्रकेंद्र' हे तर चक्क कोन आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने या चार स्थानांची पर्यायी नावे एका ओळीत दिली आहेत: कंटक, केंद्र, चतुष्टय. चतुष्टय म्हणजे चारांचा गट, ते समजण्यासारखे आहे. कंटक म्हणजे मात्र काटा. कुंडलीतल्या शुभ मानलेल्या स्थानांना काटा का म्हणावे, याचे कारण मला एकच दिसते, ते म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याला केन्त्रॉनचा मूळ अर्थ ठाऊक असावा आणि त्याने तो संस्कृतात आणताना टोकासकट आणला असावा. उच्चाराने केंद्र आले आणि अर्थाने कंटक आले. याच वराहमिहिराने, यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेले आहे आणि म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजले जातात, असे निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. पाट्यांच्या वादात उतरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी ते वाचायला हरकत नाही.

यवन आपल्या भागाला अगदीच अपरिचित नव्हते. बार्शीच्या पुढे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेर नावाचे गाव आहे. ते प्राचीन 'तगर', आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वर्णनात पैठणच्या बरोबरीने त्याचे नाव आहे. तिथून मलमल आणि जाडेभरडे कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जात असे, असे त्यात म्हटले आहे. केंद्र हा शब्द त्या गाड्यांच्या परतीच्या फेरीत आला असे मला सुचवायचे नाही, तो ज्योतिषाच्या पोथ्यांतून आला. पण कापूस पिंजणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या या पट्ट्याची आणि ग्रीक बोलणाऱ्यांची गाठ दोन हजार वर्षांपूर्वी पडली होती, एवढे खरे.

ग्रीक शब्द येण्याआधी आपल्याकडे वर्तुळे निघत नव्हती असे मुळीच नाही. यज्ञवेदी मोजण्याच्या शुल्बसूत्रांत कात्यायन सांगतो की सपाट जमिनीत शंकू, म्हणजे खुंटी, रोवावी आणि त्या शंकूएवढ्या दोरीने भोवती मंडल आखावे. खुंटी आपल्याकडेही होती, टोक आपल्याकडेही होते. आपण टोकाला शंकू म्हटले आणि जागेला मध्य म्हटले, दोन्ही वेगळी ठेवली. चाकाच्या बाबतीत 'नाभी' हा शब्द होता. उपनिषदांत रथाच्या नाभीत बसलेल्या आऱ्यांचा दृष्टान्त वारंवार येतो. इंग्रजीतला चाकाच्या तुंब्याचा जुना शब्द 'नेव्ह' आणि बेंबीचा शब्द 'नेव्हल' हे दोन्ही या नाभीचे दूरचे चुलत भाऊ आहेत, आणि हे नाते उसनवारीचे नसून रक्ताचे आहे.

मध्य हा शब्द बोलीत उतरला तो 'मधला' होऊन. सोलापूरच्या जुन्या बाजारपेठेत 'मधला मारुती' आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी किंवा संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिथल्या गर्दीतून ज्याने दुचाकी काढली आहे, त्याला शहराचा मध्य कुठे आहे हे नकाशावर शोधावे लागत नाही. मधला मारुती पेठेतल्या दुकानांत उभे राहून ऐकले तर तेच 'मध्ये' कानडीत 'नडु' आणि तेलुगूत 'नडुमा' होऊन कानावर येते, कारण हे गाव तीन भाषांत भाव करते. केंद्र मात्र तिथे कोणी म्हणत नाही. मारुतीला 'केंद्रीय' म्हटले तर तो बदलीवर आलेला वाटेल.

मूळ अर्थ हरवला असे मी वर म्हटले, पण तो सर्वत्र हरवलेला नाही. अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.त यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये तो रोज वापरात आहे. लोखंडी पट्टीला भोक पाडायचे असले की फिटर आधी खडूने रेघा मारतो, मग बोटभर लांबीचा टोकदार पोलादी पंच रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे उभा धरतो आणि हातोडीचा एक ठोका देतो. लोखंडात डाळीच्या दाण्याहून लहान खळगी पडते. "आधी सेंटर मार, न्हाईतर ड्रिल घसरतंय बघ," असे तो हाताखालच्या पोराला सांगतो. इथे सेंटर 'मारायचे' असते. युक्लिडला हे वाक्य तंतोतंत समजले असते. त्याच शेडमधल्या लेथवर तर सेंटर ही हातात धरता येणारी वस्तू आहे. टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या ठोकळ्यात, बसवलेला, साठ अंशांच्या कोनात घासून आणलेला पोलादी शंकू, ज्याचे टोक फिरणाऱ्या दांड्याच्या बुडाशी पाडलेल्या खळगीत जाऊन दांडा तोलून धरते. न फिरणारे असेल तर 'डेड सेंटर', दांड्याबरोबर फिरणारे असेल तर 'रिव्हॉल्व्हिंग सेंटर'. डेड सेंटरच्या टोकावर वंगण नसले तर घर्षणाने ते निळे पडते, आणि टोक गेले की सेंटर गेले, मग दांडा डगमगतो आणि काप वेडावाकडा येतो. कार्यालयांनी आणि पाट्यांनी या शब्दाची जागा करून टाकली, पण टर्नर आणि फिटर यांनी त्याचे टोक जपून ठेवले आहे.

बांधकामावरच्या 'सेंट्रिंग'ची हकीकत मात्र उलट्या दिशेची आहे. घर बांधलेल्या प्रत्येकाला सेंट्रिंगवाल्याची वाट पाहण्याचा अनुभव आहे. आज सेंट्रिंग म्हणजे स्लॅब टाकण्याआधी उभ्या केलेल्या बल्ल्या आणि त्यांच्यावर अंथरलेल्या लोखंडी प्लेटा. मुळात हा शब्द कमानीचा. दगडी कमान रचताना माथ्याचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही, म्हणून खालून लाकडी अर्धगोल सांगाडा द्यायचा. त्या सांगाड्याची गोलाई कमानीच्या केंद्रावरून आखलेली असे, म्हणून तो 'सेंटर' आणि ते काम 'सेंट्रिंग'. सोलापूरच्या भुईकोटाच्या कमानी कशावर तरी पेलूनच उभ्या झाल्या असणार, तिथे या शब्दाला अर्थ होता. आताच्या सपाट स्लॅबखाली ना कमान आहे ना वर्तुळ, तरी शब्द बल्ल्यांबरोबर भाड्याने येतो आणि स्लॅब सुकला की बल्ल्यांबरोबर जातो.

केंद्रावरून आखलेले सगळेच सरळ निघते असेही नाही, आणि हे सर्वांत आधी लक्षात आले ते आकाशाकडे पाहणाऱ्यांना. हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात मोजले की वसंतसंपातापासून दक्षिणायनाच्या आरंभापर्यंत सूर्याला ९४.५ दिवस लागतात आणि तिथून शरदसंपातापर्यंत ९२.५. सूर्य पृथ्वीभोवती एका चालीने वर्तुळात फिरत असेल तर हे दोन्ही सारखे यायला हवेत. वर्तुळ सोडायची तयारी नव्हती, म्हणून त्याने पृथ्वीला थोडे बाजूला सरकवले, त्रिज्येच्या चोविसाव्या भागाइतके. केंद्राबाहेरच्या या मांडणीचा शब्द 'एक्केन्त्रॉस', आणि त्याचेच पुढे इंग्रजीत विक्षिप्त माणसासाठी 'एक्सेंट्रिक' झाले. आपण अशा माणसाला चक्रम म्हणतो. कोणाचे केंद्र ढळले, कोणाचे चक्र फिरले. यंत्रशाळेतली भाषा माणसांना लावण्याची खोड दोन्हीकडे सारखीच दिसते.

सोलापूरच्या बाबतीत केंद्र कुठे आहे हा प्रश्न राज्याच्या नकाशावर विचारला तर उत्तर निराशाजनक येते. आम्ही कडेला आहोत, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, आणि मुंबईत रोवलेल्या कंपासाची पेन्सिल आमच्यापर्यंत येता येता पुसट होते. पण बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाभोवती पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापन केली, आणि गड्डा यात्रेच्या पहिल्या दिवशी सातही नंदीध्वज या लिंगांना तैलाभिषेक करत प्रदक्षिणा घालतात. या विधीचे नावही कानडी, 'यण्णीमज्जन', तेलाचे स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. नंदीध्वजांच्या उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणारे मानकरी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ती आखणी दरवर्षी पायांनी पुन्हा गिरवतात. इथे कंपासचा क्रम उलटा आहे. आधी परीघ चालून पुरा करायचा आणि मग तळ्यातल्या देवळाला मध्य म्हणायचे. राज्याची सीमा कुठून गेली आहे याच्याशी त्या वर्तुळाला काही कर्तव्य नाही.

अलीकडे सभांमधून आणि जाहिरातींतून आणखी एक शब्द आला आहे, 'हब'. सोलापूर टेक्स्टाईल हब होणार, लॉजिस्टिक हब होणार, असे ऐकायला मिळते. हा शब्द केन्त्रॉनच्या घराण्यातला नाही. तो इंग्रज सुतारांच्या बोलीतला चाकाच्या तुंब्याचा शब्द, सतराव्या शतकाच्या मध्यावर प्रथम लिहिलेला सापडतो आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षे चाके करणाऱ्यांपलीकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. १८५८ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन लेखकाने, बॉस्टनच्या लोकांना आपले स्टेट हाउस म्हणजे सूर्यमालेचा हब वाटते, अशी थट्टा केली. थट्टा बॉस्टनकरांना इतकी आवडली की त्यांनी ते बिरुदच करून घेतले, आणि पुढे सायकली आल्यावर हा शब्द घरोघरी पोचला. चाकाशी जोडला जाण्याआधीचा त्याचा अर्थ बहुधा नुसता 'गोळा' किंवा 'ढेकूळ' असा असावा.

बैलगाडीचे चाक करणारा सुतारही हेच सांगेल. तुंबा म्हणजे बाभळीचा ओंडका. त्याला भोके पाडून आरे ठोकले, आऱ्यांवर पाटे चढवले आणि तापवलेली लोखंडी धाव बाहेरून बसवली, की त्याचे चाक होते; तोवर त्याला कोणी हब म्हणत नाही. सोलापूरला आऱ्यांची वाण कधीच नव्हती. हैदराबादकडे, विजयपुराकडे, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा आणि बार्शीकडे जुने रस्ते फुटतात, आणि गावात तर एका चौकाचे नावच 'सात रस्ता' आहे. यातल्या किती आऱ्यांवर भार येतो आणि किती नुसते ठोकलेले आहेत, हे हबची घोषणा करणाऱ्यांनी एकदा मोजावे. पुण्याचा आरा मोजायची गरज नाही. रविवारी रात्री त्या बाजूच्या गाड्यांची आरक्षण यादी पाहिली तर तो भक्कम आहे याची खात्री पटते, कारण इंजिनिअर झालेली आमची निम्मी पोरे त्याच्यावरूनच कामाला परत जातात.